जुन्या ग्रंथांतली माकडं घराच्या भिंतीवर: भिंत तपासण्यापासून गिट्टी ठोकेपर्यंत

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांमधली माकडांची चित्रं घरात लावायची, तर बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. मोबाइलवर चित्र आवडतं, ते तसंच दुकानदाराला फॉरवर्ड होतं, तयार फ्रेममध्ये बसतं आणि मग ‘कुठे लावू या?’ म्हणत घरभर फिरतं. पुढच्या पावसाळ्यात कागदाला लाटा येतात, दोन पावसाळ्यांत कडेने तपकिरी डाग चढतात. दोष चित्राचा नसतो, क्रमाचा असतो. आधी भिंत, मग माप, मग चित्र, छपाई, माउंट, फ्रेम, आणि सगळ्यात शेवटी ड्रिल.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. ठाणे आणि नवी मुंबईत कागदावरचं चित्र समोरून कमी आणि मागून जास्त खराब होतं. समोरच्या काचेवर आणि पट्टीवर पैसे जातात, मागे काय लावलं ते कोणी विचारत नाही.

१. भिंत तपासा

घराची पश्चिम आणि नैऋत्येची बाहेरची भिंत शक्यतो सोडून द्या. मोसमी पावसाचा मारा तिकडूनच येतो. घोडबंदर रोडवरचा नवा टॉवर असो की वाशी-नेरुळमधली सिडकोची जुनी इमारत, प्लास्टरला बारीक तडा असला की ओल आत येतेच. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. जिथे रंगाला फुगे आलेत किंवा पांढरा लोणा धरलाय, तिथे नुसता रंगाचा हात मारून चित्र लावू नका.

डोळ्यांना भिंत कोरडी वाटली तरी एक साधी परीक्षा करा. साधारण ३० सेंटिमीटर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. आतल्या बाजूला दव दिसलं किंवा खालचा रंग गडद झाला, तर ती भिंत नापास. ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. मार्चमध्ये सगळ्याच भिंती पास होतात.

मग ऊन. दुपारी चार ते सहाच्या दरम्यान तिरपं ऊन कुठवर पोचतं ते एकदा पाहून ठेवा. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. आपल्या बैठकीच्या खोलीत दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. तेवढं पाळणं घरात शक्य नाही, पण थेट ऊन टाळणं शक्य आहे. हाताने रंगवलेल्या जुन्या चित्रांतले जलरंग उन्हात सगळ्यात आधी उडतात.

तपासा: निवडलेली जागा आतली भिंत आहे, तिच्यावर थेट ऊन येत नाही आणि स्वयंपाकघराच्या फोडणीचा धूर तिथवर पोचत नाही.

२. माप भिंतीवरच ठरवा

वर्तमानपत्राचे कागद जोडून फ्रेमच्या बाहेरच्या मापाचे तुकडे कापा आणि मास्किंग टेपने भिंतीवर लावा. दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. घरातले लोक येता-जाता बोलतातच, ते ऐकून घ्या.

सोफ्यावर लावायचं असेल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर पुरतं. एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. आपल्याकडे चित्रं फार उंच लावायची सवय आहे. देव आणि पूर्वजांचे फोटो दाराच्या चौकटीवर लावतात, त्याच उंचीवर माकडही चढतं. बारीक रेषांचं चित्र तिथून दिसतच नाही.

एकच मोठं चित्र की चार-सहा लहान, हेही इथेच ठरवा. माझं मत सांगायचं तर माकडांचा समूह बैठकीच्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये छान दिसतो, बेडरूममध्ये नाही. यातली काही चित्रं थेट आपल्याकडे रोखून पाहणारी असतात. झोपताना सहा जोड्या डोळे अंगावर नकोत.

३. मूळ छाप की नवी प्रत?

मूळ छाप म्हणजे त्या काळी ग्रंथासाठी छापलेलं पान, पुढे कोणीतरी ग्रंथ उसवून सुटं विकलेलं. मुंबईत चोर बाजारात किंवा जुन्या छपाया विकणाऱ्या दुकानांत अशी पानं मिळतात. पण तिथेच जुन्या कागदासारखा रंग दिलेल्या नव्या प्रतीही मिळतात. घेण्यापूर्वी १० पट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा आणि हे पाहा:

- भिंगाखाली ठिपके सरळ रांगांत किंवा फुलांसारख्या वर्तुळांत दिसले, तर ती हाफटोन छपाई. ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी रुळली. पानावर ‘१७८०’ असेल आणि भिंगाखाली ठिपक्यांच्या रांगा असतील, तर विषय संपला.
- ठिपके आहेत पण अनियमित, खडूने टोचल्यासारखे असतील, तर तो रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, असू शकतो. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच जर्मन ग्रंथांतली चित्रं अशी आहेत. ती खोटी समजून सोडू नका.
- तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती दाबाची चौकट उमटलेली असते. कागद तिरपा धरून बोट फिरवलं की जाणवते. शिळाछापात ती नसते, म्हणून ती नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. पुस्तकात बांधताना कडा छाटल्या असतील तरीही ती गेलेली असते.
- हाताने भरलेला रंग कुठेतरी रेषेबाहेर सांडलेला असतोच.

इशारा: फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँच्या प्राणिग्रंथाच्या माकडांच्या खंडांची पहिली आवृत्ती १७६६-६७ ची. तिच्यातली जाक द सेव्हच्या रेखाटनांवरून केलेली चित्रं काळ्या शाईतली आहेत. त्याच चित्रांवरून पुढे लहान आकाराच्या, हाताने रंगवलेल्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. दुकानदार त्यातलं पान पहिल्या आवृत्तीचं म्हणून दाखवतो, तेव्हा त्याला काही वेळा स्वतःलाच फरक ठाऊक नसतो. खरेदीच्या पावतीवर ग्रंथाचं नाव आणि अंदाजे साल लिहून घ्या.

मूळ छाप नको असेल तर नव्या प्रतीत काहीही कमीपणा नाही. पहिलंच चित्र लावणाऱ्याने प्रतीपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. इथल्या हवेत कागद कसा वागतो ते दोनशे वर्षांच्या पानावर शिकू नये.

४. चित्र शोधा, नेमकं शोधा

‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर असे हजारो ग्रंथ पानोपान स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. माकडांसाठी तीन ठिकाणी आधी पाहा. ज्याँ-बाप्तिस्त ओदबेर (Audebert) याचा माकडं आणि लेमूर यांच्यावरचा मोठ्या फोलिओ आकाराचा ग्रंथ (१७९७ ते १८००), ज्याची चित्रं रंगीत शाईत छापलेली आहेत. श्रेबर (Schreber) याचा १७७४ पासून निघू लागलेला सस्तन प्राण्यांचा ग्रंथ. आणि जॉफ्र्वा सेंत-हिलेर (Geoffroy Saint-Hilaire) व फ्रेदेरिक क्युव्हिए (Cuvier) यांचा एकोणिसाव्या शतकातला शिळाछापांचा ग्रंथ.

इथली माकडं हवी असतील तर आजच्या इंग्रजी नावाने शोधून फारसं हाती लागत नाही. रोमन लिपीत जुनी नावं टाका. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दिसणाऱ्या काळ्या तोंडाच्या वानरासाठी ‘एंटेलस’ (entellus), लाल तोंडाच्या र्‍हीससला ‘सिमिया र्‍हीसस’ (Simia rhesus; हे नाव ओदबेरनेच दिलं), आणि दक्षिणेकडच्या सिंहपुच्छ माकडासाठी ‘सायलेनस’ (silenus) किंवा ब्युफाँचं ‘वांदरू’ (ouanderou). ठाण्यात बाल्कनीतून केळी पळवणारं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं माकड हवं असेल तर ‘रेडिएटा’ (radiata) आणि ‘बोने शिन्वा’ (bonnet chinois) हे दोन्ही शब्द वापरून पाहा.

चित्र निवडताना चेहरा पाहा. जुन्या चित्रकारांपैकी अनेकांनी जिवंत प्राणी पाहिलेलाच नव्हता. पेंढा भरलेल्या नमुन्यावरून काढलेल्या माकडाचं अंग ताठ आणि नजर काचेची दिसते. काही चित्रांत वानर हातात काठी घेऊन माणसासारखा उभा असतो. १६९९ मध्ये इंग्रज शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड टायसनने छापलेला चिंपांझीही असाच काठी टेकून उभा आहे. अशी एखादी गंमत समूहात चालते, पण सगळीच तशी घेतली तर भिंत विनोदी होते. हौसेने विनोदी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

घरात ज्येष्ठ असतील तर चित्र पक्कं करण्याआधी त्यांना दाखवा. ‘भिंतीवर माकड कशाला?’ हा प्रश्न येणारच. शेपटी उंच केलेला वानर निवडला तर त्याला नमस्कार घडण्याची शक्यताही धरा, आणि मग तो बुटांच्या कपाटावर लावता येणार नाही.

हक्कांचं काय? भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे वरच्या तिन्ही ग्रंथांची चित्रं मोकळी आहेत. स्कॅन दुसऱ्या संग्रहालयाच्या साइटवरून घेत असाल तर तिथल्या वापराच्या अटी वाचा. घरच्या भिंतीसाठी सहसा अडचण येत नाही. प्रती विकायच्या असतील तर येते.

५. फाईल तयार करा

इथे सगळ्यात जास्त प्रती बिघडतात. पीडीएफमधून चित्र कापून घेऊ नका, त्यात ते आधीच दाबलेलं असतं. पानाची मूळ प्रतिमा सर्वात मोठ्या आकारात उतरवा. स्क्रीनशॉट तर नकोच.

हिशोब सोपा आहे. चित्राच्या उंचीचे पिक्सेल भागिले ३०० म्हणजे इंचांत उंची. ३००० पिक्सेल असतील तर १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर उत्तम छपाई. दुरून पाहायचं असेल तर ३०० ऐवजी २०० ने भागा; त्याच फाईलचे १५ इंच मिळतात. ए-३ आकार ३०० ला छापायचा तर ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. त्याहून फाईल लहान असेल तर फ्रेम लहान करा, फाईल फुगवू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठं करणारी ॲप्स माकडाच्या अंगावर नसलेले केस उगवतात, आणि कोरीव रेषांचं जाळं गिळगिळीत करून टाकतात.

सुधारणा किती करायची? कमीत कमी. कागदाचा पिवळसर रंग पूर्ण पांढरा करू नका. मग जुनेपणा जातो आणि रंगही भडक होतात. मोठे डाग पुसा, बारीक राहू द्या. चित्राखालचं लॅटिन-फ्रेंच नाव, कोपऱ्यातला पट्टक्रमांक, कोरणाऱ्याचं नाव हे कापू नका. ते कापलं की चित्र कॅलेंडरसारखं दिसू लागतं.

इशारा: फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की तिचा आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा.

६. छपाई

दुकानात फ्लेक्स, व्हिनाइल, कॅनव्हास, चकचकीत फोटो पेपर असे पर्याय समोर येतील. हे चारही पर्याय नकोत. मॅट, आम्लरहित, शक्यतो शंभर टक्के सुती कागद मागा, २०० ते ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं, म्हणजे जाडीचं माप), आणि छपाई पिगमेंट शाईची. डाय शाई स्वस्त असते आणि दमट हवेत लवकर फाकते.

आधी ए-४ वर चाचणी छाप काढा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहा. माकडाच्या काळ्या-तपकिरी अंगात केसांच्या रेषा वेगळ्या दिसतात का? सगळं एकत्र काळं झालं असेल तर सावल्या थोड्या उजळायला सांगा. चित्राभोवती किमान ३ सेंटिमीटर कोरा कागद ठेवून छापून घ्या. माउंटला पकडायला तो लागतो. लॅमिनेशन करू का, असं विचारतील. नको म्हणा. छाप गुंडाळायची असेल तर जाड नळीत, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, आणि घरी आल्यावर लगेच मोकळी करा.

७. माउंट: इथे घाई नको

फ्रेमवाले माउंट म्हणजे चित्राभोवतीची रंगीत पट्टी समजतात. त्याचं खरं काम चित्र काचेपासून दूर ठेवणं हे आहे. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं. कागद काचेला टेकलेला असेल तर शाई काचेला चिकटते आणि काढताना चित्र फाटतं.

साधा माउंट बोर्ड काही वर्षांत आम्लामुळे पिवळा पडतो. त्याची तिरपी कापलेली कड तपकिरी होते आणि त्याच रंगाची रेघ चित्रावर उतरते. म्हणून ‘ॲसिड-फ्री’ किंवा ‘म्युझियम बोर्ड’ मागा. नौपाडा किंवा वाशीतल्या दुकानदाराकडे तो तयार नसेल तर कलासाहित्याच्या दुकानातून स्वतः आणून द्या; फ्रेमवाले कापून देतात. रंग फिकट क्रीम, शुभ्र पांढरा नको. रुंदी तीन बाजूंना ६ ते ८ सेंटिमीटर आणि खाली १ सेंटिमीटर जास्त. मूळ छाप असेल तर दाबाची चौकट झाकू नका, तिच्याबाहेर अर्धा-एक सेंटिमीटर मोकळं सोडा.

आता चिकटवणं. फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी टेप यांतलं काहीही चित्राला लागू देऊ नका. आणि चारही कडा कधीच चिकटवू नका. कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. चारही बाजूंनी अडवला तर मध्ये फुगतो. त्या लाटा इथूनच येतात. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, मागच्या बोर्डाला टांगलेलं हवं. मूळ छापेसाठी जपानी टिश्यूच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. नव्या प्रतीसाठी कोपऱ्यात सरकवायचे पारदर्शक पॉलिएस्टरचे त्रिकोण पुरतात. ते चित्राला चिकटत नाहीत, बोर्डाला चिकटतात.

फ्रेमवाला म्हणेल, ‘साहेब, सपाट राहायला पूर्ण पेस्ट करू या.’ नव्या प्रतीला केलं तर ती प्रत तेवढीच टिकेल. मूळ छापेला करू देऊ नका. तिची किंमत त्याच क्षणी जाते.

तपासा: फ्रेम बंद होण्यापूर्वी चित्र खालून हलकेच उचललं जातं का? उचललं गेलं पाहिजे.

८. पट्टी, काच आणि पाठ

पट्टी फायबरची की लाकडी, हा आवडीचा प्रश्न. दमट हवेत फायबर वाकत नाही, लाकूड दिसायला चांगलं. बारीक काळी किंवा गडद तपकिरी पट्टी या चित्रांना शोभते. सोनेरी नक्षीदार पट्टीत माकड संस्थानिकासारखं दिसतं.

काच साधी २ मिलिमीटरची चालते. खोलीत उजेड भरपूर असेल, किंवा छाप मूळ असेल, तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घ्या. जुन्या पद्धतीची खरखरीत ‘मॅट ग्लास’ घेऊ नका, बारीक रेषा धुरकट होतात.

पाठ मात्र नीट पाहा. नेहमीचा तपकिरी हार्डबोर्ड आम्लयुक्त असतो आणि ओल शोषतो. चित्रामागे आधी आम्लरहित बोर्ड, त्यामागे हार्डबोर्डाऐवजी पाट्यांसाठी वापरतात ती सनपॅक शीट, आणि सगळ्या कडा टेपने बंद. फट राहिली तर कागद आणि खळ खाणारे चंदेरी किडे तिथूनच शिरतात. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या लावून घ्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत हवा खेळते. खर्चाचं म्हणाल तर दोन रबरी गोळ्यांचा खर्च नगण्य, आणि त्याच सगळ्यात जास्त विसरल्या जातात.

इशारा: जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेम बंद करून घेऊ नका, दमट हवा आतच कोंडली जाते. डिसेंबर ते मे चांगला काळ. अडलंच असेल तर चित्र आणि बोर्ड एक दिवस एसी चालू असलेल्या खोलीत ठेवून मग बंद करा.

९. भिंतीला छिद्र

भिंत कशाची आहे ते आधी कळू द्या. मिवान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतायची पद्धत) नव्या टॉवरमध्ये बहुतेक भिंती सरळ काँक्रीटच्या असतात. तिथे साधा खिळा वाकतो, हॅमर ड्रिलच लागतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत उलट होतं, छिद्र मोठं पडतं आणि गिट्टी (स्क्रू पकडायला छिद्रात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) फिरत राहते; तिथे लांब गिट्टी घ्या आणि हॅमर बंद ठेवून ड्रिल करा. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे, जागा बदला. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली छिद्र पाडू नका, वायरची नळी तिथूनच गेलेली असते. सोसायटीत ड्रिलिंगच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी सुरू केलंत तर खालच्या मजल्यावरून फोन येईल.

छिद्राची उंची मोजण्यात हमखास गडबड होते, म्हणून उदाहरणच घ्या. फ्रेम ६० सेंटिमीटर उंच, मध्य १४८ वर हवा. म्हणजे वरची कड १७८ वर. फ्रेमची तार मध्यावर बोटाने वर ताणा; ती वरच्या कडेपासून ६ सेंटिमीटर खाली येत असेल, तर छिद्र १७२ वर. मध्यम फ्रेमसाठी ६ मिलिमीटरची गिट्टी आणि स्क्रू पुरतो. फ्रेम रुंद असेल तर तारेऐवजी फ्रेमच्या मागे दोन डी-रिंग (इंग्रजी डी आकाराच्या कड्या) आणि भिंतीत दोन स्क्रू लावा, मग ती तिरकी होत नाही.

समूह असेल तर मधली फ्रेम आधी, बाकीच्या तिच्यावरून मोजत बाहेर. दोन फ्रेममध्ये ५ ते ७ सेंटिमीटर.

१०. पावसाळ्यातली देखरेख

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती वरच असते. महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू हाताने चाचपा. गार आणि ओलसर लागली तर पावसाळा संपेपर्यंत ती कोरड्या खोलीत उभी करून ठेवा. काच पुसताना फवारा थेट काचेवर मारू नका, पाणी कडेने आत उतरतं. कापड ओलं करून पुसा.

काचेच्या आत राखाडी-पांढरे ठिपके दिसले तर फ्रेम घरातल्या इतर चित्रांपासून वेगळी करा. नवी प्रत असेल तर उघडा, बोर्ड फेकून द्या, फाईल हाताशी आहे, पुन्हा छापून घ्या. मूळ छाप असेल तर स्वतः पुसायला जाऊ नका. बुरशी चोळली की कागदात आणखी खोल जाते. फ्रेम तशीच कागदात गुंडाळून कागद-संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.